हात की पंप?

आमच्या सोसायटीच्या वॉचमनला मी घरी आलोय हे बघावं लागायचं नाही, ऐकूच यायचं. बेसमेंटमधल्या खांबाला वळसा घालून गाडी आमच्या जागेत लावताना स्टिअरिंग फिरवलं की बॉनेटखालून 'घूंऽऽऽ' असा आवाज सुरू व्हायचा. आधी बारीक, मग चढत जाणारा, आणि स्टिअरिंग टोकाला टेकलं की थेट म्हैस रेकल्यासारखा. दुसऱ्या मजल्यावरची एक चिमुरडी तर मला 'म्हैसवाले काका' म्हणायला लागली होती. मी मात्र दुर्लक्ष करत होतो. गाडी 2006 सालची. एवढ्या वर्षांनी कुणीही थोडं कण्हणारच, नाही का?

कोड कंपाइल करताना जे पिवळे वॉर्निंग येतात त्यांचं आपण रोज काय करतो? मीही तेच केलं. चालतंय ना, मग चालू दे.

गाडी तशी बाबांची. निवृत्तीला पाच वर्षं असताना त्यांनी ही डिझेल एसयूव्ही घेतली, तेव्हा आईने आठवडाभर अबोला धरला होता. कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाला ट्रकएवढी गाडी कशाला, असा तिचा रास्त प्रश्न होता. उत्तर होतं माणगावजवळचं आमचं गाव. दर गणपतीला, दर मे महिन्यात पुण्याहून ताम्हिणी उतरून गावी जायचं आणि येताना आंबे, फणस, तांदूळ, झाडू असं काय वाटेल ते भरून आणायचं. 2021 मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा सगळ्यांनी 'आता काढा' म्हणून सांगितलं. बाबांनी शांतपणे आरटीओत जाऊन पुन्हा नोंदणी करून आणली.

आता मुद्द्यावर येतो. मे 2024. ताम्हिणी उतरत होतो. बाबा चालवत होते, मी शेजारी, मागे आई आणि माझी बायको. एका आवळ वळणावर बाबांनी स्टिअरिंग फिरवलं आणि ते जेवढं फिरायला हवं होतं तेवढं फिरलंच नाही. गाडी वळणाबाहेर, रस्त्याच्या उजव्या कडेला गेली. समोरून एसटी येत होती. ड्रायव्हर कसलेला होता, त्याने आधीच वेग कमी केला होता. बाबांनी दोन्ही हातांनी जोर लावून गाडी आत ओढली. एसटी गेली. गाडीत कुणी काही बोललं नाही.

पुढे एक टपरी लागली तिथे बाबांनी गाडी थांबवली, चावी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हात राहिले नाहीत आता. यापुढे तूच चालव."

त्या वर्षी ते त्र्याहत्तर वर्षांचे होते. मी चावी घेतली. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं होतं. उरलेला घाट मी चालवत उतरलो, मला स्टिअरिंग कुठेच जड लागलं नाही. म्हणजे पुरावाच मिळाला. बाबा मागे बसून खिडकीबाहेर बघत होते.

पुण्यात परत आल्यावर तीन आठवडे बाबांनी गाडीचा विषय काढला नाही. रोज सकाळी ते खाली जाऊन काच पुसायचे, तेही बंद झालं. शेवटी एका शनिवारी मी गाडी गॅरेजमध्ये नेली, निदान म्हैस तरी गप्प करू म्हणून. तिथल्या माणसाने दोनदा स्टिअरिंग फिरवलं आणि निकाल दिला, "सर, स्टिअरिंग बॉक्स गेला. अठ्ठावीस हजार." म्हटलं कशावरून? तर म्हणे अनुभवावरून.

अनुभवावरून असं म्हणत मीही प्रॉडक्शन सर्व्हर रीस्टार्ट केलेले आहेत. त्यामुळे मी गाडी घेऊन परत आलो.

आमच्या समोरच्या इमारतीत एक फिटरकाका राहतात. पिंपरीच्या एका कारखान्यात तीस-पस्तीस वर्षं मेंटेनन्सला होते. ते आले, बॉनेट उघडलं, आणि एक फूटभर लांब स्क्रू ड्रायव्हर मागितला. त्याचं टोक एकेका भागावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, की झाला स्टेथोस्कोप. (पट्ट्यापासून आणि पंख्यापासून हात, बाही, ओढणी सगळं लांब ठेवा, ही सूचना आधीच देऊन ठेवतो.) अल्टरनेटर शांत. वॉटर पंप शांत. स्टिअरिंगच्या पंपाला टेकवलं आणि मी कानच मागे घेतला.

"पंप बोलतोय," काका म्हणाले. "का बोलतोय ते अजून कळलेलं नाही."

हे वाक्य तेव्हा माझ्या डोक्यावरून गेलं. त्याची किंमत पुढे भरली.

थोडं तंत्रज्ञान सांगतो, कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडून द्या. जुन्या गाड्यांतलं पॉवर स्टिअरिंग तेलावर चालतं. इंजिनवरच्या पट्ट्याने एक पंप फिरतो. त्याच्या आत खाचा असलेली एक चकती असते, खाचांत पातळ पोलादी पाती असतात, आणि भोवती लंबगोल कडं. चकती फिरली की पाती बाहेर फेकली जाऊन कड्याच्या भिंतीला घासत तेल पुढे ढकलतात. स्टिअरिंग टोकाला नेलं की दाब साधारण 70 ते 100 बारपर्यंत चढतो. टायरमध्ये हवेचा दाब दोन-सव्वादोन बार असतो, त्यावरून कल्पना करा. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने 1926 मध्ये अशी हायड्रॉलिक व्यवस्था गाडीवर बसवून दाखवली होती. त्याआधी तो ट्रकवर काम करायचा, अवजड गाडी वळवताना माणसाची काय दशा होते ते त्याला ठाऊक होतं. पण बाजारातल्या मोटारीत ती यायला 1951 साल उजाडलं. बाबांचा जन्मही 1951 चाच. हे त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे दोघंही एकदमच थकलो."

या सगळ्यात एक गोष्ट महत्त्वाची. पंप इंजिनवर फिरतो, म्हणजे इंजिन हळू तर पंपही हळू. पंप नवा असेल तर इंजिन आयडलिंगवर असतानाही पुरेसा दाब देतो. झिजलेल्या पंपात पाती आणि कडं यांच्यामधून तेल मागे निसटतं. इंजिन जोरात असेल तेव्हा हे लक्षातही येत नाही. हळू असेल तेव्हा दाब पडतो आणि स्टिअरिंग जड होतं.

रात्री अंथरुणात पडल्यावर हे डोक्यात फिरत होतं आणि मी ताडकन उठून बसलो. बाबा वळणावर क्लच दाबतात!

जुन्या माणसांची सवय. उतारावर, वळणावर क्लच दाबून गाडी सोडून द्यायची, म्हणजे डिझेल वाचतं अशी समजूत. (वाचत नाही, आणि गाडीवरचा ताबाही कमी होतो. यावर आमचे वीस वर्षं वाद आहेत.) क्लच दाबला की इंजिन आयडलिंगला येतं. पंप मंदावतो. नेमक्या त्याच क्षणी बाबा स्टिअरिंग फिरवतात. मी दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन घुमवत वळतो, म्हणून मला कधी जड लागलंच नाही. माझा पुरावा पुरावाच नव्हता.

पण ही झाली थिअरी. रविवारी मी भंगारवाल्याकडून त्याचा स्प्रिंगचा काटा तासाभरासाठी मागून आणला आणि बाबांना म्हटलं, "जरा खाली येता का? एक रीडिंग घ्यायचंय." रीडिंग हा शब्द ऐकून ते आले.

गाडी जागेवर उभी, चाकं सरळ, इंजिन चालू. काट्याचा आकडा स्टिअरिंगच्या कडेत अडकवला आणि कडेला काटकोनात ओढलं. स्टिअरिंग फिरायला लागलं तेव्हा काटा साडेसात किलोवर होता. मग बायकोने अॅक्सिलरेटर दाबून इंजिन 1500 आरपीएमला आणलं. साडेतीन किलो. मी विजयी मुद्रेने बाबांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "एका रीडिंगवर विश्वास ठेवायचा नसतो. पुन्हा घे." पुन्हा घेतलं. आठ आणि साडेतीन. तिसऱ्यांदा साडेसात आणि पावणेचार. मग ते म्हणाले, तुलनेला दुसरी गाडी बघ. शेजारच्यांच्या तेलाच्या स्टिअरिंगवाल्याच पण बऱ्याच नव्या गाडीवर आयडलिंगला तीन किलो आले.

बाबांनी काटा हातात घेतला, एकदा स्वतः ओढून पाहिला आणि काही न बोलता वर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीची काच पुसलेली होती.

आता पंप बदलायचा. आधी स्वस्तातल्या शक्यता तपासल्या: टायरमधली हवा बरोबर, पट्ट्याचा ताण बरोबर. टाकीतलं तेल मात्र मुळात लाल असायला हवं ते काळपट तपकिरी, जळकट वासाचं, आणि वर फेस. ते बदलून पाहिलं, काट्यावर काही फरक नाही. मग नाना पेठ गाठली. पुण्यात गाडीचा पार्ट हवा असेल तर नाना पेठेला पर्याय नाही. दुकानदाराने पंप काढून दिला, साडेआठ हजार. मग म्हणाला, "साहेब, टाकीपासून पंपाला येणारा पाइप पण न्या. तीनशे ऐंशी." मी मनात म्हटलं, आला विक्रीवर! घरचा पाइप बाहेरून कोरडा ठणठणीत होता, एक थेंब गळत नव्हता. नको म्हणालो.

पुढच्या शनिवारी सकाळी सातला सुरुवात. गाडीचा पुढचा भाग जॅकने उचलून खाली घोड्या लावल्या, मागच्या चाकांना उटी लावली. (नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उभ्या गाडीखाली कृपा करून जाऊ नका.) टाकीतलं तेल काढायला मेडिकलमधून मोठी सिरिंज आणली, ती झकास चालते. पट्ट्याचा ताण सैल करून पट्टा काढला. जास्त दाबाच्या पाइपचा बोल्ट 17 च्या पान्याने निघाला. त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर असतात, ते नवेच घालायचे, कारण एकदा दाबले गेलेले वॉशर दुसऱ्यांदा नीट बसतीलच असं नाही. पंपाचे तीन बोल्ट. दोन सुटले. तिसऱ्याने साडेतीन तास घेतले. त्या साडेतीन तासांत मी जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी गंज सुटायचं तेल मारून जेवायला गेलो, आणि जेवून आल्यावर फिटरकाकांनी पान्यात पाइप घालून एका झटक्यात तो सोडवला.

पंपावरची पुली दाबून बसवलेली असते. ती हातोडीने ठोकून काढायचा किंवा बसवायचा मोह होतो. ठोकलंत तर नव्या पंपाचं बेअरिंग तिथेच संपलं. आम्ही दोन्ही पंप लेथवाल्याकडे नेले, त्याने पुलर लावून काढली आणि प्रेसवर बसवून दिली. शंभर रुपये. तेवढ्यात काकांनी जुना पंप उघडला. आतल्या कड्यावर उभ्या रेघोट्या, पात्यांच्या कडा खाल्लेल्या, तेलात चमचम. पंप गेलेला होता यात वाद नाही.

नवा पंप बसवला, बाटलीच्या झाकणावर लिहिलेलं तेलच भरलं. मग हवा काढायची: चाकं अधांतरी, इंजिन बंद, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस वेळा, दर वेळी टाकीतलं तेल बघत. संध्याकाळी सहाला बाबा खाली आले. मी चावी फिरवली.

घूंऽऽऽ.

तीच म्हैस. तोच सूर. साडेआठ हजार रुपये आणि एक अख्खा शनिवार! काटा लावला तर आयडलिंगला चार किलो, म्हणजे स्टिअरिंग हलकं झालं होतं, पण मध्येच झटके देत होतं आणि आवाज जसाच्या तसा. मी तिथेच जमिनीवर बसलो. डोक्यात आलं की गॅरेजवाल्याचाच अनुभव बरोबर, स्टिअरिंग बॉक्सच गेला असणार.

काकांनी टाकीचं झाकण उघडून बॅटरी मारली. तेलात बारीक बुडबुडे, सोड्यासारखे. मग म्हणाले, "इंजिन बंद कर." बंद केल्याबरोबर टाकीतली पातळी बोटभर वर आली. "बघ. तेलात हवा आहे. दाब गेला की ती फुगते. हवा येतेय कुठून?"

"पण कुठेच गळत नाहीये," मी म्हणालो.

"गळणार कसं? टाकीकडून पंपाकडे तेल ढकललं जात नाही, पंप ते ओढून घेतो. त्या पाइपला भेग पडली तर तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते."

त्यांनी बोटावर ग्रीस घेतलं आणि त्या कोरड्या ठणठणीत पाइपच्या तोंडाशी, क्लॅम्पभोवती जाड फासलं. "लाव चालू." दोन-तीन सेकंद घूंऽऽऽ... आणि म्हैस गप्प. बेसमेंटमध्ये फक्त डिझेलची टकटक.

"पंप ओरडतोय म्हणजे चूक पंपाचीच, असं नसतं रे. जो उपाशी असतो तोच ओरडतो."

पाइप काढून वाकवला तेव्हा तोंडाजवळ केसासारख्या भेगा दिसल्या. इतक्या वर्षांच्या उष्णतेने रबर कडक झालेलं. टाकीच्या तळाची जाळीही गाळाने अर्धी बुजलेली निघाली. म्हणजे जुना पंप वर्षानुवर्षं हवा आणि अर्धपोटी तेल यांवर जगत होता, म्हणून तो झिजला. मी नवा पंपही त्याच पाइपला जोडून त्याच वाटेला लावला होता. क्रॅश झालेलं मॉड्यूल बदललं, पण त्याला खराब डेटा पुरवणारं मॉड्यूल तसंच ठेवलं. ऑफिसात ज्युनिअर मुलांना मी यावरूनच ओरडतो.

सोमवारी ऑफिसातून लवकर निघून पुन्हा नाना पेठ. दुकानदाराने मला पाहिलं, काही विचारलं नाही, पाइप काउंटरवर ठेवला. तीनशे ऐंशी. मीही काही बोललो नाही. नवा पाइप, नवे क्लॅम्प, जाळी साफ, ताजं तेल, पुन्हा वीस वेळा टोक ते टोक. काटा: आयडलिंगला साडेतीन, 1500 ला सव्वातीन. तीन रीडिंग घेतली, अर्थातच.

तुमच्याकडे तेलाच्या स्टिअरिंगची जुनी गाडी असेल तर दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवा. (आजच्या बहुतेक नव्या छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक मोटर असते, त्यांना हा पंपच नाही.) आवाज यायला लागला की आधी टाकीत डोकावा: फेस दिसला तर पाइप आणि क्लॅम्प आधी, पंप नंतर. स्टिअरिंग टोकाला नेऊन चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, तेल भयंकर तापतं. आणि चालत्या गाडीत ही मदत गेली तरी स्टिअरिंग चाकांना जोडलेलंच असतं. जड होतं, पण वळतं. घाबरून सोडू नका, जोर लावा. बाबांनी त्या वळणावर नेमकं हेच केलं होतं. त्या दिवशी आम्ही त्यांचे हात गेले असं समजत होतो आणि वाचलो होतो त्याच हातांमुळे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

सप्टेंबर 2024, गणपती. पहाटे निघालो. मी काही न बोलता चावी टेबलावर ठेवली होती, बाबांनी ती उचलली. चांदणी चौकातून मुळशीपर्यंत त्यांनी चालवली, वाटेत एका ठिकाणी मुद्दाम गाडी वळवून परत वळवली आणि नुसतं "हं" म्हणाले. घाटाच्या तोंडाशी पाऊस लागला, पुढे धुकं. त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"इथून तू घे."

"का? हलकं झालंय ना आता?" मी विचारलं.

"लोण्यासारखं झालंय. पण धुक्यात समोरचे दिवे डोळ्यांवर येतात माझ्या. ते काही पंप बदलून जाणार नाही." मग दार उघडता उघडता म्हणाले, "हातांचं काही नाही. ते तू मोजलंयस."

येताना दुपार होती, ऊन पडलं होतं. घाट त्यांनीच चढवला. वळणावर क्लच दाबलाच. मी काही बोललो नाही.